चौथी ओळ

आमच्या स्टाफरूममध्ये त्या तासाला नाव नव्हतं. ‘तो तास’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. नववीच्या मुलांना वयात येण्याबद्दल, शरीरसंबंधांबद्दल आणि एचआयव्हीबद्दल माहिती द्यावी, असं वरून पत्र यायचं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीला एड्स दिन जवळ आला की मुख्याध्यापक ते पत्र घेऊन स्टाफरूममध्ये फिरायचे. मग पी.टी.च्या सरांना नेमकं तेव्हाच मैदान आखायचं असायचं, मराठीच्या बाईंचा घसा बसायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मी विज्ञान शिकवते. शिवाय मी फटकळ आहे, असा शाळेत माझा लौकिक आहे. त्यामुळे दरवर्षी हे लोढणं माझ्या गळ्यात पडायचं.

खरं सांगायचं तर मला ते लोढणं वाटत नव्हतं. मी याच कारखान्यांच्या पट्ट्यात वाढले. वडील कंपनीत, घर कामगार वसाहतीत. शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा आमच्या बाईंनी ‘हा घरी वाचा’ म्हणून पान उलटलं, आणि घरी तो वाचायला बसले तर आईनं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. पुढे पाळी आली तेव्हा आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि आता आपण मरणार, असं समजून मी कुणाशी न बोलता कोपऱ्यात बसून होते. चाळिशी उलटली तरी तो राग गेलेला नाही. तो तास मी त्या रागावर घेते.

ज्या मुलीबद्दल सांगते आहे ती माझ्या नववीच्या वर्गात होती. वर्ष सांगणार नाही. शाळा चिखलीत आहे, नेमकी कुठे तेही सांगणार नाही. चिखलीत शाळा काही कमी नाहीत, आणि खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी, चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणारी कुटुंबं तर मोजता येणार नाहीत. त्या गर्दीत त्या दोघी मायलेकी दिसू नयेत एवढीच माझी इच्छा आहे.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आरोग्यविषयक मार्गदर्शन’ असं मोघम लिहून टाकलं. मी म्हटलं, "सर, असं लिहिलंत तर पालकांना वाटेल दात घासायला शिकवणार आहेत." मग त्यांनी नाइलाजानं दुसरा मेसेज टाकला, त्यात एचआयव्ही हा शब्द होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे अण्णा शाळेत हजर झाले.

अण्णा म्हणजे मूळ गावातलं जुनं घर. जिथं त्यांची ज्वारी व्हायची तिथं आता त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. शाळेची जागाही त्यांच्याच भावकीची. माणूस वाईट नाही. कुणाच्या मयताला पहिली गाडी त्यांची उभी राहते. पण त्यांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की बसली.

"बाई, ह्ये काय काढलंय तुमी?" खुर्चीत बसता बसताच त्यांनी सुरुवात केली. "पोरं बिघडत्याल की."

"पोरांच्या हातात मोबाइल आहेत, अण्णा. बिघडायला ती माझी वाट बघत थांबलेली नाहीत."

मुख्याध्यापक खोकले. अण्णा हसले, पण तेवढ्यापुरतंच.

"आमाला कुनी शिकवलं व्हतं? आमी न्हाई का मोटं झालो?"

"झालात की. पण कसे झालात ते तुमचं तुम्हाला माहीत."

यावर ते खुर्चीतून उठले. मग दाराशी थांबून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शिकवा. पन जपून. आन एक सांगतो, त्या रोगाचं कुनी आपल्या शाळंत निघालं, तर आदी मला सांगायचं. लोकांची लेकरं हायेत इथं."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. मी हलवली नाही, पण ते कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

त्याच दिवशी दुपारी शाळा सुटताना मुलीची आई मला भेटायला आली. साडीवर कंपनीचा निळा शर्ट तसाच होता, म्हणजे फर्स्ट शिफ्ट करून बसमधून उतरून ती थेट आली होती. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती कंत्राटावर पॅकिंगला होती. बाई लातूरकडची, अंगानं बारीक, बोलताना सतत मागे बघायची.

"लेकराच्या समोर नको, मॅडम," ती म्हणाली. मी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि दार ओढून घेतलं.

तिनं जे सांगितलं ते फार थोड्या शब्दांत सांगितलं. नवरा कंपनीतच कामाला होता. मुलगी बालवाडीत असताना गेला. गावाकडं, इकडं, सगळ्यांना कावीळ सांगितली. कावीळ नव्हती. तिलाही तोच आजार होता आणि मुलीलाही, जन्मापासून. दोघींच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून चालू होत्या, दोघींच्या तब्येती ठीक होत्या. जवळचा दवाखाना सोडून ती मुद्दाम लांबच्या दवाखान्यात जायची, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मुलीला सांगितलं होतं, तुला रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या आहेत. त्या गोळ्या ती टॉनिकच्या जुन्या बाटलीत काढून ठेवायची. स्वतःच्या गोळ्या कंपनीच्या पिशवीत, चोरकप्प्यात ठेवायची आणि कॅन्टीनमध्ये चहाच्या सुट्टीत घ्यायची.

"दवाखान्यातल्या मॅडम लई दिवसापासून म्हणालेत, तिला सांगा. मी म्हणते, दहावी होऊ द्या."

"मग माझा तास तिला ऐकू दे. तुमचं काम थोडं सोपं होईल."

"ऐकू द्या की. मी कुठं नको म्हणते? सगळं सांगा, चांगलंच हाय." तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. "पण ते एक हाय ना... आईपासून पोटातल्या लेकराला होतंय, ते. तेवढी एक ओळ गाळा, मॅडम. मी मोबाइलवर बघितलंय, चार गोष्टींनी होतंय म्हणून लिवलेलं असतंय. तीन सांगा. चौथी नका सांगू."

मला आधी तिचं म्हणणं नीट कळलंच नाही. मी म्हटलं, "तिला आजाराचं कळेल म्हणून भीती वाटते का?"

"आजाराचं कळू द्या. आज ना उद्या कळणारच हाय. माझ्यामुळं झाला हे नको कळायला." मग तिचा आवाज फुटला. "तिला माझ्याबिगर कोण हाय, मॅडम? आन मला तिच्याबिगर? तिनं माझ्याकडं तसल्या नजरेनं बघितलं तर मी कशाला जगायचं?"

मी म्हटलं, "बघते."

मराठीत ‘बघते’ हा फार सोयीचा शब्द आहे. हो म्हटल्यासारखंही होतं आणि अडकायलाही होत नाही. तिला तो हो वाटला. डोळे पुसून, पदर सारखा करून ती निघाली, आणि मन हलकं झालं की बायका दारात उभ्या राहून दुसरंच काहीतरी बोलतात, तशी बोलायला लागली.

"तशी आता मोठी झालीय बगा. आधी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. मी कामावरून आले की ती ताट वाढून बसलेली असायची. आता जेवंना झालीय माझ्यासंगं. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असती, मिठाईचा बॉक्स देतात. दरसाली आम्ही एकेक तुकडा अर्धा अर्धा खातो. अवंदा म्हणली, मला नको, तूच खा. तवापासून ताट येगळं, पेला येगळा. सोताचं ताट सोता घासून येगळं ठेवती. झोपती पण भिंतीकडं. काय झालंय कळंना गेलंय."

"वयच तसं असतं," मी म्हटलं. शिक्षक हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणतात आणि पालक समाधानानं घरी जातात. तीही गेली.

त्यानंतर तास होईपर्यंत मला नीट झोप नव्हती. मी तिच्यावर चिडले होते, हेही सांगून टाकते. बाकीच्या मुलांचं काय? त्यातल्या कितीतरी जणी पुढे आया होणार होत्या. गरोदरपणी तपासणी केली आणि औषध वेळेत घेतलं तर बाळ वाचू शकतं, ही त्या सगळ्या भयाण विषयातली एकमेव चांगली बातमी. तीच गाळायची? आणि दुसरं म्हणजे, ती ओळ गाळली की उरतं काय? शरीरसंबंध, रक्त, सुया. उद्या मुलीला आपला आजार कळला तर ती त्या तीन ओळींत स्वतःला कुठं शोधणार? पण मग ती टेबलाची कड धरलेली बोटं डोळ्यांपुढं यायची. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "तुला दुसरा विषय नाही का शिकवायला?" त्याच्यावरही चिडले.

तासाच्या दिवशी मी वर्गात गेले ती ठरवून गेले नव्हते. फळ्यापर्यंत जाऊन बघू, असं म्हणत गेले.

तो तास घ्यायची माझी एक पद्धत आहे. सुरुवातीचा वेळ मी हसण्यासाठी राखून ठेवते. ज्या शब्दांना मुलं हसतात ते सगळे शब्द मी एकेक करून मोठ्यांदा म्हणते आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घेते, पाढे म्हणतात तसे. पहिल्यांदा मागचे बाक फुटतात, मुली वहीत तोंड खुपसतात. तिसऱ्या-चौथ्यांदा म्हणून झालं की त्या शब्दांतली गंमत संपते आणि मुलं कंटाळून माझ्याकडे बघायला लागतात. मग शिकवता येतं.

त्यानंतर एक खेळ. मी एखादी गोष्ट सांगायची, त्यानं एचआयव्ही पसरतो असं ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं. डास चावला. पाच-सहा जण उभे राहिले. का पसरत नाही ते सांगितलं, बसले. हातात हात घेतला. एकच उभा राहिला, तोही शेजारच्यानं ढकलला म्हणून. शाळेचं शौचालय. यावर मात्र जवळजवळ सगळा वर्ग उठला. मी म्हटलं, "आपल्या शौचालयातून बाकी काय वाटेल ते होऊ शकतं, पण हे नाही." हशा झाला, सगळे बसले.

"एकाच ताटात जेवणं," मी म्हटलं.

बरेच जण उभे राहिले. तीही उभी राहिली. खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, अक्षर नेटकं, स्वतःहून कधी हात वर करणार नाही अशी. मी समजावून सांगितलं. थुंकीतून पसरत नाही, उष्ट्यातून पसरत नाही, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं पसरत नाही. सगळे बसले. ती उभीच होती.

"बस गं," मी म्हटलं.

"मॅडम, नक्की?"

"नक्की."

"उष्टं खाल्लं तरी? त्याच घासातलं?"

"तरी नाही."

"आणि रोज खाल्लं तर? लहानपणापासून, रोजच्या रोज?" तिचा आवाज चढला होता. तिचा एवढा मोठा आवाज वर्गानं कधी ऐकला नसेल. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हिला डबा खायचाय कुणाचा तरी, खाऊ द्या," आणि वर्ग हसला. ती हसली नाही. माझ्याकडेच बघत होती, आणि बाकाची कड तिनं घट्ट धरली होती, अगदी आईसारखी.

तेव्हा माझ्या डोक्यात ते वेगळं ताट आणि वेगळा पेला येऊन आदळला. ही वयात आली म्हणून आईपासून लांब बसत नव्हती. हिला माहीत होतं. कधीपासून, कसं, ते मला कळत नव्हतं, पण हिला स्वतःचा आजार माहीत होता, आणि तो आपल्यापासून आईला लागेल म्हणून ही पोर आपलं ताट आपण घासून ठेवत होती. मी टेबलाला टेकून म्हटलं, "रोज खाल्लं तरी नाही. शंभर वर्षं खाल्लं तरी नाही. बस आता."

ती बसली. पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीच दिसलं नाही, उलट ती जास्तच गोंधळलेली दिसली. तेही मला त्या वेळी कळलं नाही.

मी फळ्याकडे वळले. ‘कशानं पसरतो’ असं लिहिलं आणि खाली एकेक ओळ. असुरक्षित शरीरसंबंध. दूषित रक्त. एकाची सुई दुसऱ्याला. प्रत्येक ओळ समजावली, निरोध म्हणजे काय तेही सांगितलं, आणि आता कुणी हसत नव्हतं. चौथी ओळ लिहायला हात वर नेला आणि तो तिथंच राहिला. माझ्या पाठीला तिची नजर जाणवत होती.

लिहिली असती तर तिला सगळं एका क्षणात कळलं असतं, त्या मुलांच्या मधे बसून, माझ्या तोंडून. गाळली असती तर त्या तीन ओळी घेऊन ती घरी गेली असती. दोन्ही मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"चार मार्ग आहेत. चौथा उद्या," मी म्हटलं आणि खडू ठेवला.

"मॅडम, आत्ताच सांगा ना!" वर्ग ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विज्ञानात रस वाटत होता आणि घंटेला अजून वेळ होता. मी त्यांना वाचन करायला सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिले. तिला बोलावून जवळ घ्यावं असं शंभरदा वाटलं. पण जे सांगायचं होतं ते माझ्या मालकीचं नव्हतं.

त्या आठवड्यात मुलीच्या आईची शिफ्ट संध्याकाळी सुटायची, म्हणून मी चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहिले. एकामागून एक बस येत होत्या, निळे शर्ट, राखाडी शर्ट, थकलेली माणसं उतरत होती. ती उतरली आणि मला बघताच तिचा चेहरा उतरला.

"सांगितलंत?"

"नाही. उद्या सांगणार आहे."

"तुम्ही बघते म्हणला होतात."

"बघितलं म्हणूनच आले आहे." आणि मी तिला वर्गात काय झालं ते सांगितलं. मुलीचे प्रश्न, उष्ट्या घासाचे, रोज खाण्याचे, सगळे तिच्या शब्दांत सांगितले. ती आधी ऐकत होती, मग फुटपाथच्या कडेवर बसली. शेजारी भाजीवाला होता, त्यानं काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"तिला कसं ठावं झालं असंल?" ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

"दवाखान्यात नेता ना तिला? त्या खोलीच्या दारावर पाटी असेल, भिंतीवर चित्रं असतील. तुमच्या मुलीला वाचता येतं, बाई. पहिलीपासून येतं." मी जरा जोरातच बोलले.

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "खंडेनवमीला कंपनीत साडी नेसून जायचं होतं. पिन सापडंना. मीच तिला म्हणलं, माझ्या पिशवीतनं काढ." तिनं पिशवीवर हात ठेवला. "माझ्या गोळ्या बघितल्या तिनं. तिच्यासारख्याच हायेत. तसल्याच."

म्हणजे त्याच दिवशी मुलीनं मिठाई नाकारली होती. मला वाटलं, आता सगळं समजलं. तसं ते समजलेलं नव्हतं.

"उद्या मी ती ओळ लिहिणार आहे," मी म्हटलं. "त्याआधी तुम्ही सांगा. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे." एका आईला मी असं एकाच संध्याकाळी कोंडीत पकडत होते, याचं मला तेव्हाही वाईट वाटत होतं आणि आजही ते पूर्ण पटलेलं नाही. पण मला दुसरं सुचलं नाही.

तिनं भाजीवाल्याची बाटली परत केली. मग म्हणाली, "तुम्ही चला संगं. एकटीनं न्हाई होणार."

त्यांची खोली अण्णांच्याच चाळीत होती. दोन्ही बाजूंना पत्रा, पत्र्याच्या पलीकडं शेजारी. कुणाच्या घरात किती वेळा खोकला येतो तेही शेजारी सांगू शकतील अशी ती घरं. मुलगी स्टोव्हजवळ बसली होती, मला बघून उठून उभी राहिली.

"इथं न्हाई बोलता येत," आई माझ्या कानाशी म्हणाली. "प्रेसच्या भिंतीकडं जाऊ."

मला ती रीत तोवर माहीत नव्हती. चाळीच्या मागं एक छोटं वर्कशॉप आहे, आत प्रेस मशीन दिवसभर पत्र्याचे तुकडे कापत असतं. धाड, धाड, धाड. त्या भिंतीजवळ उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणंही कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नाही. चाळीतल्या बायकांना नवऱ्याशी भांडायचं असलं, माहेरचं काही सांगायचं असलं, नुसतं रडायचं असलं तरी त्या तिथं जातात. कुणी तिथं उभं असलं की बाकीचे तिकडं फिरकत नाहीत, एवढा मान त्या जागेला आहे.

चाळीच्या कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णा बसले होते. संध्याकाळी पाणी सोडायच्या वेळेला ते तिथं असतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"काय बाई, इकडं कुटं?"

"मुलीच्या अभ्यासाचं बोलायला आले," मी म्हटलं. ते मान डोलावून पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागले.

मायलेकी भिंतीजवळ गेल्या. मी थोडी अलीकडं, अण्णा आणि त्या दोघींच्या मधे येईन अशी उभी राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आईनं पिशवीतून आपल्या गोळ्यांची डबी काढली आणि मुलीच्या हातात दिली. मुलगी तिच्याकडे न बघता डबीकडं बघत राहिली. आई बोलायला लागली, मुलीच्या कानाशी तोंड नेऊन, थांबून थांबून. एकदा तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग पोटावर. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि थोबाडीत बसणार आहे अशी मान खाली घालून उभी राहिली. मला मान फिरवावीशी वाटत होती, पण फिरवता येत नव्हती.

मुलीनं काहीतरी विचारलं. मशीनच्या आवाजात आईला ते ऐकू आलं नाही. तिनं डोळे उघडले. मुलीनं पुन्हा विचारलं, आता जीव खाऊन ओरडून, आणि नेमकं त्याच वेळी आत चहाची सुट्टी झाली असावी, कारण मशीन थांबलं. सगळ्या गल्लीत तिचा आवाज लख्ख ऐकू आला.

"म्हणजे माझ्यामुळं तुला नाही ना झालं?"

आईला तो प्रश्नच समजला नाही.

"मला लहानपणापासून आहे. तुझ्या गोळ्या मला आत्ता खंडेनवमीला दिसल्या. मला वाटलं, माझं उष्टं खाऊन तुला झालं." ती हुंदके देत होती. "मॅडम म्हणल्या उष्ट्यानं होत नाही. मग तुला कशानं झालं, मला कळेचना. माझ्याकडून नाही ना आई? खरं सांग. माझ्याकडून नाही ना?"

खंडेनवमीपासून ही पोर ते डोक्यावर घेऊन शाळेत येत होती, माझ्या समोर बसत होती, वहीत नेटकं अक्षर काढत होती. आणि मी तिच्या आईला सांगितलं होतं, वयच तसं असतं.

"काय झालं गं?" अण्णा खुर्चीतून उठत म्हणाले. दोन-तीन दारांतून बायका बाहेर आल्या होत्या.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर मागे वळून बघत, कुजबुजत बोलणारी ती बाई. मला वाटलं, आता ही पोरीचं तोंड दाबेल, हाताला धरून आत नेईल. मशीन सुरू व्हायला अजून अवकाश होता. तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यांदा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई गं माय. तुझ्यामुळं मला कायबी झालं न्हाई."